गुरुवारचं प्रॅक्टिकल

माझ्या सासूबाईंना माझ्या मार्कांत कधी रस नव्हता. त्यांना रस होता माझ्या प्रॅक्टिकलमध्ये. दर गुरुवारी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "झालं का गं प्रॅक्टिकल?" जेवलीस का, थंडी किती आहे, आमचे चिरंजीव फोन का उचलत नाहीत, हे सगळं नंतर. मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि थोडा वैतागही यायचा. लेक्चरचं विचारा, परीक्षेचं विचारा. प्रॅक्टिकलमध्ये विचारण्यासारखं काय असतं? पांढरा कोट घालायचा आणि पाय दुखेपर्यंत उभं राहायचं.

त्यांना मी 'अहो आई' म्हणते. लग्नाआधी ठरवलं होतं, नुसतं आई म्हणायचं. पण माझी स्वतःची आई खणखणीत आहे आणि अशा बाबतीत मनाने फार मोठी नाही, त्यामुळे 'अहो' लागला तो लागलाच. अहो आई बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेल्या. विषय केमिस्ट्री. "पुढे का नाही केलंत?" असं मी एकदा विचारलं होतं, तर "राहिलं" एवढंच म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. लग्न झालं म्हणून राहिलं, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. माझीही तीच होती.

मी तेव्हा ब्राउनश्वाइगला केमिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स करत होते आणि नवरा रेगेन्सबर्गला पीएच.डी. करत होता. जर्मनीत पीएच.डी. करणाऱ्याला बरेचदा नोकरी अर्धी देतात आणि काम पूर्ण करून घेतात, तसं त्याचं चाललं होतं. दोन गावांत दोन खोल्या आणि मधे पाच तासांची रेल्वे, तीसुद्धा वेळेवर आली तर. त्याच्या पगारात त्याचं एकट्याचं कसंबसं भागायचं. माझं शिक्षण उभं होतं ते माझ्या शिष्यवृत्तीवर. ती गेली असती, तर मला मास्टर्स अर्धवट टाकून, सामान बांधून रेगेन्सबर्गच्या त्या खोलीत जाऊन बसावं लागलं असतं. त्या खोलीवर माझा राग नव्हता. पण तिथे माझं काहीच नव्हतं, अगदी टेबलसुद्धा.

शिष्यवृत्तीची अट साधी होती. दर सेमिस्टरला ठरावीक क्रेडिट मिळवायचे. कमी पडले आणि त्याला सबळ कारण नसलं, तर पुढच्या सेमिस्टरपासून पैसे बंद. आपल्याकडे हजेरी आणि प्रॅक्टिकलं पुरेशी भरली की कॉलेज टर्म ग्रँट करतं, नाहीतर परीक्षेलाच बसू देत नाही. तसंच हे, फक्त इथे अंगावर कुणी खेकसत नाही. शिष्यवृत्तीच्या ऑफिसातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "अडचण आली तर लवकर सांगा. लवकर सांगितलंत तर मी काहीतरी करू शकते. उशिरा सांगितलंत तर मला फक्त वाईट वाटू शकतं." मी मान डोलावली आणि विसरून गेले. ऑफिस म्हणजे विचारतील तेवढंच सांगायची जागा, हे मी रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत शिकत आले होते. जास्त बोललं की जास्त कागद मागतात.

पहिल्या वर्षी एक कठीण पेपर मी पुढे ढकलला होता. त्यामुळे तिसऱ्या सेमिस्टरला गाठीला एकही जास्तीचा क्रेडिट नव्हता. गुरुवारचं प्रॅक्टिकल हातचं गेलं की अट मोडली, इतका सरळ हिशेब होता.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी कळलं, की मला दिवस गेलेत.

नवरा फोनवर "बापरे" म्हणाला. मग पुन्हा "बापरे" म्हणाला. माझी आई म्हणाली, "जड उचलू नकोस." अहो आई म्हणाल्या, "तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." डॉक्टरबाईंनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्हाला आनंद झालाय का?" इथे असं विचारतात, उत्तर गृहीत धरत नाहीत. मला तो फॉर्मवरचा एक रकाना वाटला आणि मी "जा", म्हणजे जर्मन 'हो', म्हणून टाकलं. मग त्यांनी विचारलं, मी काय शिकते, कशावर काम करते. टोल्यूइन आणि तसल्याच दोन-तीन द्रावकांची नावं मी सांगितली, तशा त्या लिहायच्या थांबल्या. "लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. विद्यापीठाला आजच कळवा. तुमच्यासाठी नियम आहेत, ते दुसरी सोय करून देतात." मी पुन्हा "जा" म्हणाले.

लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही, हे मी मनावर घेतलं. विद्यापीठाला कळवायचं मात्र नाही.

त्याचं कारण अगदी घरगुती होतं. आमच्या लॅबवर देखरेखीला जे पीएच.डी. करणारे गृहस्थ होते, ते मराठी होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. माणूस सज्जन, कामाचा पक्का. पण त्यांच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे, गावातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची सूत्रं होती. दसऱ्याला श्रीखंड कोण करणार, कुणाला कुठलं घर मिळालं, कुणाचा व्हिसा अडकला, सगळं तिथे. लॅबला सांगायचं म्हणजे दादांना सांगायचं, दादांना म्हणजे वहिनींना, आणि वहिनींची एक मावसबहीण आमच्याच सोसायटीत पुण्याला. मी दुपारी लॅबमध्ये बोलले असते, तर रात्री जेवायच्या वेळेला सोसायटीच्या लिफ्टमध्ये माझ्या आईचं अभिनंदन झालं असतं.

नजर लागते वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसणं वेगळं आणि सासूबाईंनी बजावलेलं मोडणं वेगळं. शिवाय काही बिनसलंच, तर चारचौघांना दिलेली बातमी परत कशी घ्यायची? प्रत्येकाला नव्याने काय सांगायचं? ही भीती मात्र माझी स्वतःची होती. ती कुणी मला शिकवली नव्हती. ब्रश करताना, ट्रामची वाट बघताना, भाजी निवडताना ती माझ्याबरोबर असायची.

पहिल्या गुरुवारी मी आजारपणाचा दाखला दिला. इथल्या दाखल्यावर आजार कोणता ते लिहीत नाहीत, ही मोठी सोय आहे. पण त्याने एकच दिवस माफ व्हायचा आणि तोही नंतर त्याच लॅबमध्ये उभं राहून भरून काढायचा होता. दुसऱ्या गुरुवारी मी व्हिसाच्या ऑफिसात बोलावल्याची थाप मारली. जर्मन माणूस कशावरही शंका घेईल, परदेशी नागरिकांच्या त्या ऑफिसावर घेत नाही. तिसऱ्या गुरुवारी मात्र मला वाटलं, दारातून तरी बघावं, खिडकीपाशी उभं राहून फक्त नोंदी घ्याव्यात. कॉरिडॉरच्या टोकालाच टोल्यूइनचा तो गोडसर वास आला आणि मी मफलर नाकावर ओढला. मी तशीच मागे फिरले आणि बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी बसून राहिले. गारठ्याने बोटं वाकडी झाली होती.

त्या संध्याकाळी दादांनी फोन केला.

"अगं, काय चाललंय तुझं? तिसरी वेळ आहे ही. प्राक्टिकुममध्ये अशी टंगळमंगळ चालत नाही."

"टंगळमंगळ नाही दादा. बरं नव्हतं."

"मग अटेस्ट आण ना, डॉक्टरचा दाखला! आल्झो, म्हणजे हे बघ, मी काही तुझा दुश्मन नाही. पण मला अ‍ॅबसेंट मांडावंच लागतं. तुझी तर स्कॉलरशिप आहे. तुला कळायला नको?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला कळायला नको म्हणे! मला सगळं कळत होतं, तोंडच तेवढं उघडता येत नव्हतं. "मांडा अ‍ॅबसेंट," असं फटकन म्हणून मी फोन ठेवला. त्यांचं एका अक्षराने चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

पाठोपाठ अहो आईंचा फोन. "झालं का गं प्रॅक्टिकल?"

"झालं."

"वास येतो का गं तिथे?"

"नाही हो. इथे सगळं हवेशीर असतं."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता आठवलं की वाटतं, दोघींपैकी एकीने त्या 'हं'पाशी थांबायला हवं होतं.

नाताळच्या सुट्टीआधी विद्यापीठाचा मेल आला. हजेरी अपुरी असल्यामुळे माझं नाव प्रॅक्टिकलमधून कमी केलं होतं, पुन्हा संधी पुढच्या हिवाळ्यात. मी रेगेन्सबर्गच्या गाडीत बसले आणि कासेलपर्यंत खिडकीबाहेर बघत रडले. समोरच्या आजीबाईंनी एक शब्द न विचारता रुमालांचं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा आपलं शब्दकोडं हातात घेतलं.

सुट्टीत नवऱ्याशी रोज तेच भांडण.

"सांगून टाक ना त्यांना. एवढं काय आहे त्यात?"

"मग आधी तू तुझ्या आईला सांग, की आम्ही सांगतोय म्हणून."

"मी? आईला?"

"हो. तूच. तुझीच आई आहे ना?"

तो उठून चहा टाकायला गेला. जेव्हा जेव्हा त्याची आई मधे आली, तेव्हा त्या घरात चहा झाला. सुट्टीभर आम्ही खूप चहा प्यायलो.

जानेवारीत शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. सेमिस्टरच्या मध्यावर त्या बाई प्रत्येकाशी बोलायच्याच, पण मला आलेला मेल दोन ओळींनी लांब होता. माझ्या क्रेडिटची बेरीज अटीपेक्षा कमी भरते आहे आणि याबद्दल बोलायला हवं, असं त्यात होतं. मी माझा चांगला कोट घातला आणि ट्रामला बसले.

बाई पन्नाशीच्या होत्या. केस आखूड, टेबल लख्ख, खिडकीत एक कोरफड. मला बसायला सांगून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"प्राक्टिकुममधून तुमचं नाव निघालंय. बाकी सगळं उत्तम आहे. काय झालं?"

"वैयक्तिक कारण होतं."

"तब्येतीचं? घरचं?"

"वैयक्तिक," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "तुम्ही मला काही सांगायलाच हवं, असं नाही. तो तुमचा हक्क आहे. पण कारण दिलं नाहीत, तर मी कारणाच्या जागी काय लिहू? पुढच्या मंगळवारी समिती बसते. माझ्याकडे काही नसेल, तर नियमाप्रमाणे एप्रिलपासून शिष्यवृत्ती थांबते."

"मी पुढच्या हिवाळ्यात पूर्ण करीन ना. लिहून देते."

"ते पुरणार नाही."

"मग जरा थांबा ना. थोडेच दिवस."

"थांबून काय बदलणार आहे?"

मी कोरफडीकडे बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवत मी बसले होते आणि समोरची बाई सहनशीलपणे वाट बघत होती. त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, उद्धटपणे नव्हे, पुढचा विद्यार्थी बाहेर आला असेल म्हणून. त्या बघण्याने माझा ताबा सुटला. वाटलं, आता ह्या उठतील, हात पुढे करतील, आणि माझं इथलं सगळं ह्या लख्ख टेबलावर संपेल, तेही माझ्याकडे कारण असताना. माझा आवाज एकदम चढला.

"शुक्रवारपर्यंत मला बोलता येत नाही! मंगळवारी नाही, पुढच्या शुक्रवारी! त्याच्या आधी नाही!"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढून घेतलं, त्यातला तो शुक्रवार शोधला आणि अगदी कामाच्या स्वरात विचारलं, "शुक्रवारी काय आहे?"

"तीन महिने पूर्ण होतात," मी म्हणाले. बोलून गेल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते.

कॅलेंडरवरचं त्यांचं बोट तिथेच थांबलं. मग त्यांचा सबंध चेहरा बदलला. त्या उठल्या, किलकिलं असलेलं दार नीट लावलं आणि परत बसण्याआधी म्हणाल्या, "हेर्त्सलिशन ग्लुकवुन्श."

अभिनंदन.

मला रडू कोसळलं. मला वाटलं होतं, मी शिष्यवृत्तीसाठी रडीन. पण रडले ती या एका शब्दासाठी. इतके दिवस सगळे मला काळजी घे म्हणाले होते, जड उचलू नकोस म्हणाले होते, कुणाला बोलू नकोस म्हणाले होते. नवरा दोनदा बापरे म्हणाला होता. अभिनंदन कुणी म्हणालंच नव्हतं. त्या क्षणापर्यंत मलाही ते लक्षात आलं नव्हतं. मला मूल होणार होतं, मला ते हवं होतं, आणि पोटात काही गुन्हा दडवल्यासारखी मी दीड महिना गावातून हिंडत होते.

बाईंनी मला रडू दिलं. पाण्याचा ग्लास भरून पुढे ठेवला आणि माझं आटोपल्यावर म्हणाल्या, "आल्झो. गरोदरपण हे सबळ कारण आहे, सगळ्यांत सबळ. तुम्ही त्या लॅबमध्ये गेला नाहीत, हे तुम्ही बरोबर केलंत. तुम्ही सांगितलं नाहीत, एवढंच चुकलं. तुम्हाला एक सेमिस्टर वाढवून मिळेल आणि प्राक्टिकुम नंतर. डॉक्टरांचा एक कागद मला आणून द्या. समितीत मी, एक चेअरमन आणि आणखी एक बाई, एवढेच असतो. तुम्ही हो म्हणेपर्यंत ह्या बाहेर कुणाला कळणार नाही. तुमच्या लॅबलासुद्धा."

"आमच्यात तीन महिने कुणाला सांगत नाहीत," मी नाक पुसत म्हणाले. मला वाटलं, यांना नीट समजावून सांगायला हवं.

"आमच्यातही नाही सांगत," बाई म्हणाल्या. "मी माझ्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं."

"मग?"

"पण ऑफिसला सांगितलं होतं." त्यांना हे इतकं उघड वाटत होतं, की त्या जराशा हसल्या. "ते लोकांना सांगायचं नसतं. ऑफिस म्हणजे लोक नव्हेत."

आपल्याकडे ऑफिस म्हणजे लोकच. टेबलामागे कुणाचे तरी मामा बसलेले असतात. अशी एक खोली असू शकते, जिथे बोललेलं तिथेच राहतं आणि तरी उपयोगी पडतं, हे मला दीड वर्ष इथे राहून, भाषेच्या दोन परीक्षा देऊनही कळलं नव्हतं.

बाहेर पडले आणि ट्रामच्या थांब्यावर बसून अहो आईंना फोन लावला. गुरुवार नव्हता, त्यामुळे त्या घाबरूनच बोलल्या. "काय गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. अहो आई, मी सांगून टाकलं."

"कुणाला?"

मग मी सगळंच सांगितलं. प्रॅक्टिकलला मी जातच नव्हते, तुम्हाला खोटं सांगत होते, नाव कमी झालं होतं, शिष्यवृत्ती जायची वेळ आली होती, आणि शेवटी मी ऑफिसात ओरडले. मी जरा चढ्याच आवाजात बोलत होते, कारण त्या रागावणार अशी माझी खात्री होती आणि आपणच आधी रागावलेलं बरं असतं. ट्राम आली आणि गेली.

"आमच्याकडे सॉल्ट अ‍ॅनालिसिस असायचं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सेकंड इयरला. एच-टू-एस गॅस सोडायचे. सडक्या अंड्यांचा वास. मला जिन्यापाशीच मळमळायचं, वर चढताच यायचं नाही. तीन-चार प्रॅक्टिकलं मी गेलेच नाही. सरांनी विचारलं, का गं येत नाहीस? काय सांगणार? सासूबाईंनी बजावलेलं, तीन महिने कुणाला बोलायचं नाही. आणि सर म्हणजे पुरुषमाणूस. मी आपली खाली मान घालून उभी. माझी टर्म ग्रँट झाली नाही."

"पण पुढच्या वर्षी बसायचं होतं ना?"

"पुढच्या वर्षी तुझा नवरा रांगत होता." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस हां. लावून घेईल मनाला."

दर गुरुवारी त्या काय विचारत होत्या, ते मला तिथे, थांब्यावरच्या त्या गार बाकावर कळलं. माझ्या प्रॅक्टिकलची चौकशी नव्हती ती. त्यांना माहीत होतं कुठे पाय अडखळतो ते. त्या मला तिथून पार होताना बघायला येत होत्या, आणि ज्या एका वाक्याने त्यांना अडवलं, तेच वाक्य त्यांनी मला दिलं होतं, कारण दुसरं कुठलं त्यांना कुणी दिलंच नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. इतकी माया दाटून आली, की समोर असत्या तर मी त्यांना मिठी मारली असती, आणि आमच्यात तशी पद्धत नाही.

"त्या बाई काय म्हणाल्या म्हणालीस? पहिल्यांदा?"

"अभिनंदन म्हणाल्या."

"दार लावून?"

"हो. दार लावून."

"शहाणी बाई आहे," अहो आई म्हणाल्या. मग त्यांनी घसा साफ केला, शाळेच्या स्टेजवर उभ्या राहिल्यासारखा. "अभिनंदन गं. आणि ऐक. त्या वासात जाऊ नकोस, पण टर्म सोडू नकोस."

शुक्रवार अजून लांब होता.

समितीने मंगळवारी वाढीव सेमिस्टर मंजूर केलं. तो शुक्रवार उलटल्यावर मी दादांना सांगितलं. "अगं, आधी बोलायचंस ना!" म्हणून ते इतके ओशाळले, की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. वहिनींनी डिंकाचे लाडू पाठवले आणि माझ्या अंदाजापेक्षा लवकर, म्हणजे दुपारच्या चहालाच, पुण्याच्या लिफ्टमध्ये आईचं अभिनंदन झालं. उन्हाळ्यात मुलगी झाली. पुढच्या हिवाळ्यात अहो आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. गुरुवारी मी दूध काढून ठेवून, मुलीला त्यांच्याजवळ देऊन लॅबला जायचे. परत येऊन बूट काढते न काढते, तोच स्वयंपाकघरातून विचारणा व्हायची, "झालं का गं प्रॅक्टिकल?" शेवटच्या गुरुवारी मी "झालं" म्हणाले आणि आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच शिरा खाल्ला.

आता आम्ही तिघं एका गावात राहतो आणि मुलगी किंडरगार्टनमध्ये जाते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं जर्मनमध्ये देते आणि फोनवर आजीला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणते. हे लिहायला घेतलं, तेव्हा मी अहो आईंना विचारलं, तुमचं तेवढं गाळू का? तुमच्या मुलाच्या वाचनात येईल, चारचौघांना कळेल.

त्या म्हणाल्या, "लिही. माझे तीन महिने आता झाले असतील."